गाडी उभी असते तेव्हा

आमची चाळ लालबागला. तीन मजले, लाकडी जिना आणि जिन्याला सहा वळणं. दोन वर्षांपूर्वी थंडीतल्या एका पहाटे शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली. अंगाला दरदरून घाम, डावा हात जड. "ॲसिडिटी असेल रे, इनो दे" म्हणत ते खाटेवर टेकले. काकूंनी त्यांचं ऐकलं नाही, १०८ फिरवला. गाडी चौदा मिनिटांत गल्लीच्या तोंडाशी आली. काका प्रत्यक्ष गाडीत पोचले, तेव्हा त्यावर आणखी एकवीस मिनिटं झाली होती.

मुंबईत ॲम्ब्युलन्स म्हटलं की आपण ट्रॅफिकवर खापर फोडून मोकळे होतो. त्या पहाटे रस्ते रिकामे होते. मग एकवीस मिनिटं गेली कुठे?

पहिली काही पत्त्यात गेली. राज्याची १०८ सेवा २०१४ साली ९३७ गाड्या घेऊन सुरू झाली. त्यातल्या २३३ व्हेंटिलेटरसकट सगळ्या साधनांच्या, बाकीच्या ७०४ प्राथमिक जीवरक्षणाच्या, आणि प्रत्येक गाडीत एक डॉक्टर. चालकाला तिथे पायलट म्हणतात. फोन मात्र पुण्यातल्या नियंत्रण कक्षात उचलला जातो. आता पुण्यात बसलेल्या माणसाला "गणेश गल्लीच्या पुढे, पिठाच्या गिरणीसमोर" याचा काय उपयोग? आमच्या चाळीच्या नावाच्या आसपास आणखी दोन इमारती आहेत, गाडी आधी त्यातल्या एकीशी थांबली. फोनवर तिकडून चार गोष्टी विचारतात: कुठे, काय झालंय, माणूस शुद्धीत आहे का, श्वास चालू आहे का. या उत्तरांवर कोणती गाडी पाठवायची ते ठरतं. आपण नेमके तेव्हाच "अहो, आधी गाडी पाठवा, मग विचारा" म्हणून ओरडतो. काकूंनीही तेच केलं.

उरलेला सगळा वेळ जिन्याने खाल्ला. रुग्णवाहिकेतलं स्ट्रेचर माणसाच्या उंचीपेक्षा जरा लांब, म्हणजे सहा फुटांहून अधिक. आमच्या जिन्याच्या वळणावरची फळी जेमतेम तीन फुटांची. घरात कपाट चढवलेल्या कोणालाही हे गणित माहीत आहे: लांब वस्तू अरुंद वळणावर फिरवायची तर उभी करावी लागते. कपाट उभं चालतं, छातीत दुखणारा माणूस पट्ट्यांनी बांधून उभा कसा करणार? पायलट आणि डॉक्टर स्ट्रेचर दुसऱ्या मजल्यापर्यंत घेऊन आले, बघितलं आणि परत खाली ठेवून आले.

काका तोवर म्हणत होते, "मी चालत येतो की, मला काय झालंय?" चालू द्यायचं नव्हतं ते नेमकं यासाठी. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीने बंद झाली की पलीकडचा स्नायू उपाशी पडतो. वीस-तीस मिनिटांत तो कायमचा मरायला सुरुवात होते आणि ही पडझड पुढे कित्येक तास चालते. माणूस चालला की ठोके वाढतात, हृदयाला प्राणवायू जास्त लागतो, म्हणजे उपाशी स्नायूला आणखी कामाला जुंपल्यासारखं. बसून राहिला तर तो थोडा जास्त टिकतो.

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच विचारलं, "हात असलेली खुर्ची आहे का कोणाकडे?" बसलेला माणूस झोपलेल्याच्या निम्म्या लांबीचा होतो, आणि जिन्यात तेवढंच लागतं. पहिल्या मजल्यावरून सागवानी खुर्ची आली, काकांना तिच्यात बसवून काकूंच्या नऊवारीने छातीशी आणि मांडीशी बांधलं. तोंड खालच्या बाजूला, दोघं मागे पाठीशी, एक पुढे पाय धरून, आणि त्याच्याही पुढे एक जण उलटा उतरत पायऱ्या मोजत. माणूस बेशुद्ध असता तर हे जमलं नसतं. तेव्हा घोंगडीची झोळी करून चार जणांनी, पाय पुढे आणि डोकं वर ठेवून उतरवावं लागतं.

गाडीत चढल्यावर मला वाटलं, आता सुसाट. गाडी हललीच नाही. आधी बारा लीडचा ईसीजी काढला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, ॲलर्जी-अल्सर विचारून ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला लावली. गिळण्यापेक्षा चावलेली गोळी रक्तात लवकर उतरते आणि रक्तातल्या बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकींना चिकटू देत नाही, त्यामुळे गुठळी वाढायची थांबते. काकांचा मुलगा सारखा म्हणत होता, "ऑक्सिजन लावा ना!" प्राणवायूचं प्रमाण ९६ टक्के होतं, म्हणून लावला नाही. ९० च्या वर असेल तर हृदयविकाराच्या झटक्यात जादा ऑक्सिजनचा फायदा होत नाही, असं आता वैद्यकशास्त्र मानतं. नातेवाइकांना मात्र मास्क दिसला की धीर येतो.

ईसीजीवरून ठरतं ते गाडी कुठे न्यायची. जवळच्या नर्सिंग होमला नेलं आणि तिथे कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करून बंद धमनी उघडायची खोली, नसली, तर तिथून दुसरी गाडी, दुसरा जिना, पुन्हा तोच प्रकार. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देतात. आमच्या काकांना परळच्या केईएम रुग्णालयात नेलं. परळ तिथून हाकेच्या अंतरावर, आणि फोन आधीच गेलेला.

हृदय पूर्ण थांबलं, तर गोष्ट आणखी वेगळी. तेव्हा गाडी निघायची घाई करणं हाच धोका. श्वास आणि नाडी बंद पडल्यावर मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते. छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब दिले तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिळतो, आणि खड्ड्यांतून डुलणाऱ्या गाडीत उभं राहून दिलेले दाब त्याहून उथळ पडतात. म्हणून डॉक्टर जमिनीवरच गुडघे टेकतात. भोवतीची माणसं "गाडी काढा, गाडी काढा" म्हणून अंगावर येतात, क्वचित मारायलाही उठतात. त्यांचंही चुकत नाही, त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

शॉकच्या यंत्राबद्दलही मालिकांनी आपला पक्का गैरसमज करून ठेवलाय. सरळ रेषा आलेल्या हृदयाला शॉक देत नाहीत. हृदय ताल सोडून नुसतं थरथरत असेल, तर शॉकने ती सगळी थरथर एकदम गप्प करायची, म्हणजे हृदयाचा स्वतःचा ताल पुन्हा सुरू व्हायला वाव मिळतो. त्याला उशीर झाला, तर मदतीशिवाय जाणाऱ्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे चौदा मिनिटांत आलेली उत्तम गाडीही उशिराच आली. शेजाऱ्याचे हात आधी लागायला हवेत. बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी हे यंत्र १९६५ साली पहिल्यांदा रुग्णवाहिकेत नेलं तेव्हा ते सत्तर किलोचं होतं, मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचं. आमच्या जिन्याने ते वर नेलं असतं म्हणा!

लोकलमधून पडलेल्या माणसाला हाच जागेवर थांबायचा न्याय लावला तर मात्र तो जातो. पोटात रक्तस्राव चालू असेल तर गाडीत त्याच्यावर उपाय नाही. मोठ्या माणसात सुमारे पाच लिटर रक्त, त्यातलं दोन लिटर गेलं की जीव टांगणीला. बाहेरची जखम घट्ट दाबायची, मान सांभाळायची आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी, सायन म्हणा किंवा जोगेश्वरीचं ट्रॉमा रुग्णालय म्हणा, तडक निघायचं. फलाटावर हमाल स्ट्रेचर घेऊन पळतात ते म्हणूनच. उचलणाऱ्याला पोलिसांची भीती वाटते, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं १३४अ कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला त्याच दुरुस्तीने दहा हजारांचा दंड लावलाय.

सायरनबद्दल दोन शब्द. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, आणि काचा लावून गाणी ऐकत बसलेल्या गाडीत तो शिरायलाच वेळ लागतो. पायलट म्हणूनच मोकळ्या रस्त्यावर लांब सूर लावतात आणि सिग्नलजवळ तुटक, चिरका. परदेशांत मोजलं तेव्हा सायरनने वाचलेला वेळ पाऊण मिनिटापासून पावणेचार मिनिटांपर्यंत निघाला. आमच्या जिन्याने त्याच्या कितीतरी पट खाल्ला. ट्रॅफिकवर तोड म्हणून २०१७ साली मुंबईत दहा मोटारसायकल रुग्णवाहिका आल्या. त्या डॉक्टरला लवकर पोचवतात, माणसाला खाली आणत नाहीत.

काका ठणठणीत आहेत. एक स्टेंट पडलाय, इनो सुटलेलं नाही. त्यानंतर चाळीच्या बैठकीत ठरलं की फोन केला की एका पोराने गल्लीच्या नाक्यावर जाऊन उभं राहायचं, आणि हात असलेली खुर्ची जिन्याखाली ठेवायची, तिच्यावर कोणी कुंड्या मांडायच्या नाहीत. यंदा गणपतीत मंडळाची पोरं ती मंडपात घेऊन गेली. काका स्वतः खाली उतरले, चारचौघांत शिव्या घातल्या आणि खुर्ची परत आणून ठेवली.