डोळ्यांवरची पट्टी आणि मेंदूचं रंगीत चित्र

पैसे घेऊन शिकवणाऱ्या वर्गात मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, हातात पुस्तक द्यायचं आणि ते वाचायला लागलं की ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेट झाला’, म्हणजे मध्यमेंदू जागा झाला, म्हणायचं. सातारा-सांगलीकडच्या पालकांपुढेही हा दावा येतो. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो. डोळ्यांच्या हालचाली, बाहुली लहान-मोठी होणं ही त्याची रोजची कामं. तरी ‘मेंदू’ म्हटलं की विश्वास का बसतो?

बोधनिक मानसशास्त्र, म्हणजे विचार, स्मृती, लक्ष यांचा अभ्यास, १९५०च्या दशकात उभं राहिलं ते संगणकाच्या उपमेवर: माहिती आत येते, साठते, बाहेर पडते. यंत्र कशाचं बनलंय, याची फिकीर कमीच होती. मग एच. एम. हा रुग्ण आला. १९५३मध्ये अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूच्या आतल्या एका भागाचा) मोठा भाग काढला गेला आणि नव्या आठवणी साठेनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायला दिली. तीन दिवसांत चुका घटत गेल्या. पण आपण हे आधी केलंय, हे त्याला आठवत नव्हतं. हात शिकला होता. स्मृती एकच नसते, हे मानसशास्त्राला मेंदूकडून असं कळलं.

१९९०च्या दशकात एफएमआरआय, म्हणजे काम करणाऱ्या मेंदूचं रंगीत चित्र देणारं तंत्र, आलं. ते विचार मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक मोजतं, तोही पाच-सहा सेकंद उशिरा कळसाला पोचणारा. मेंदूचे हजारो ठोकळे एकेक करून तपासले की काही निव्वळ योगायोगानं ‘पेटतात’. २००९मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात मेलेल्या सामन माशाच्या मेंदूतही अशी हालचाल दिसली; आकडेमोडीत योग्य दुरुस्ती केल्यावर ती गेली. २००८च्या एका अभ्यासात तर गैरलागू मेंदूविज्ञान जोडलेलं चुकीचं स्पष्टीकरणही सामान्य वाचकांना आणि विद्यार्थ्यांना जास्त पटलं. तज्ज्ञ मात्र फसले नाहीत.

मिरजेत वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. दावा असेल तर तो तपासू, ही त्या चळवळीची रीत इथेही लागू पडते. पट्टीची खोट नाकाशेजारी असते: तिथे फट राहते, मूल हनुवटी उचलून खाली बघतं. म्हणून पट्टीऐवजी आतून काळी चिकटपट्टी लावलेला, कडांनी घट्ट बसणारा पोहण्याचा चष्मा द्यावा. मजकूर मुलानं आणि शिक्षकानं आधी पाहिलेला नसावा, शिक्षक खोलीबाहेर असावा. आणि मुलाला लबाड म्हणू नये. पैसे भरून बसलेल्या आईबाबांसमोर त्याला फटीतून बघण्यावाचून दुसरी वाट ठेवलेली नसते.