जैवसंवेदकांसाठी नॅनोनलिकांची वाढ

जैवसंवेदकात विकर (एन्झाइम), प्रतिपिंड किंवा डीएनए यांसारखा ओळखणारा जैविक घटक असतो आणि त्याची अभिक्रिया विद्युतसंकेतात उतरवणारा पृष्ठभाग असतो. हा पृष्ठभाग नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ नळ्यांचा केला, तर थोड्या जागेत पुष्कळ विकर मावते. नळ्या कोणत्या पदार्थापासून वाढवायच्या, हे तपासायच्या नमुन्यावर अवलंबून असते.

कार्बन नॅनोनलिकांकडे जगाचे लक्ष गेले ते जपानमधील सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या निरीक्षणांमुळे. आज त्या मुख्यतः रासायनिक बाष्पनिक्षेपणाने वाढवतात. ६०० ते १,००० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ॲसिटिलीन किंवा मिथेन सोडल्यावर लोह, कोबाल्ट वा निकेलच्या सूक्ष्म कणांवर वायूचे विघटन होते आणि कणाच्या आकारावरून नळीचा व्यास ठरतो. आयआयटी मुंबईत महेश्वर शॅरन व सहकाऱ्यांनी यासाठी चक्क कापूर वापरला. उरलेले धातुकण स्वतःच संकेत देऊन मापन बिघडवतात, म्हणून नळ्या आम्लाने धुतात; त्या धुण्यात नळीवर तयार होणारे कार्बोक्सिल गट विकर बांधायला उपयोगी पडतात.

टायटॅनियमचा पत्रा फ्लोराइडयुक्त एथिलीन ग्लायकॉलमध्ये धनाग्र म्हणून ठेवून दहाच्या काही पटींइतके व्होल्ट दिले, की ऑक्साइड तयार होणे आणि विरघळणे एकाच वेळी चालते व पत्र्यावर उभ्या नळ्या दाटीने उगवतात. झिंक ऑक्साइडच्या नळ्यांवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर विरुद्ध विद्युतभारामुळे आपोआप चिकटते. मात्र त्या आम्लात विरघळतात, त्यामुळे ३ ते ४ सामू (pH) असलेल्या द्राक्षरसात तशाच बुडवता येत नाहीत.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. निफाड, दिंडोरीकडील निर्यातीच्या द्राक्षांतील कीडनाशकांचे अवशेष प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासले जातात. बागेतच झटपट चाचणी करायची, तर कार्बन नलिकांवर ॲसिटिलकोलिनएस्टरेज बसवतात. ऑर्गनोफॉस्फेट व कार्बामेट कीटकनाशके त्या विकराला रोखतात आणि अवशेष वाढेल तसा प्रवाह घटतो. उन्हाने विकर मंदावले तरी प्रवाह घटतोच, म्हणून शेजारी अवशेषमुक्त नमुना ठेवणे अपरिहार्य असते. त्याहून मोठी अडचण अशी, की द्राक्षबागेतील फवारण्यांचा मोठा भाग डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांवरील बुरशीनाशकांचा असतो, आणि त्यांपैकी बहुतेकांचा या विकरावर परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी त्या त्या रेणूला ओळखणारी प्रतिपिंडे नलिकांवर स्वतंत्रपणे बसवावी लागतात.