अडथळा-आवार (अश्वप्रशिक्षण)

रानवाटा, डोंगरउतार, ओढे व अरुंद पूल यांवरून स्वारीसाठी वापरायच्या घोड्याला आणि त्याच्या स्वाराला सराव मिळावा म्हणून घरामागच्या किंवा पागेलगतच्या मोकळ्या जागेत मांडलेली अडथळ्यांची रचना. लाकडी पूल, फाटक, जमिनीवरचे दांडे, उथळ पाणी, ताडपत्री, मागे सरकण्याची गल्ली हे तिचे नेहमीचे घटक. उड्यांच्या स्पर्धांतील अडथळ्यांशी यांचे साम्य नावापुरते आहे. येथे उंची व वेग गौण असतात. घोड्याने थांबावे, बघावे आणि स्वाराच्या सांगण्यावरून एकेक पाऊल टाकावे एवढीच अपेक्षा असते.

मराठीत घोड्याच्या नकाराला दोन शब्द आहेत : बुजणे आणि अडणे. बुजलेला घोडा अंग चोरून बाजूला उडतो; अडलेला घोडा चारही पाय रोवून उभा राहतो. बुजण्यामागे बहुधा अनोळखी वस्तूची भीती असते. अडण्यामागे भीती असेलच असे नाही. पाय कोठे टाकायचा हे न कळणे, दुखणे किंवा मागच्या वेळी मिळालेला मार ही कारणेही संभवतात. आवारातील साधनेही ढोबळमानाने याच दोन गटांत मोडतात : नजरेला व कानाला सरावणारी (ताडपत्री, लोंबत्या पट्ट्या, छत्री) आणि पावलाला वळण लावणारी (दांडे, पूल, गल्ली).

पूर्वपीठिका : या पद्धतीचा आरंभ नेमका कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. अथेन्सचा सेनानी व लेखक झेनोफन याच्या अश्वविद्येवरील ग्रंथाकडे (इ. स. पू. चौथे शतक, नेमक्या वर्षाबद्दल मतभेद) बहुतेक लेखक बोट दाखवतात. त्यात तबेल्याबाहेरच्या अंगणात मुठीत मावतील एवढ्या गोल गोट्यांचे चार-पाच गाडे ओतून त्यावर घोडा उभा करावा, असा सल्ला आहे. काहींनी यालाच पहिले अडथळा-आवार म्हटले आहे. परंतु गोट्यांचा उद्देश खूर कणखर करणे हा असल्याचे झेनोफन स्वतःच सांगतो. तेव्हा हा दाखला ओढूनताणून आणलेला वाटतो. त्याच ग्रंथातील दुसरे दोन उल्लेख अधिक जवळचे आहेत. मोतद्दाराने शिंगराला गर्दीतून न्यावे, नाना दृश्यांची व आवाजांची सवय लावावी आणि ते बुजले तर दरडावण्याऐवजी चुचकारून त्यात भिण्यासारखे काही नाही हे पटवावे, हा एक. दुसरा चराविषयीचा : उडी न शिकलेल्या घोड्याची दोरी सैल धरून माणसाने आधी स्वतः चर ओलांडावा, मग दोरी ताणून घोड्याला पलीकडे बोलवावे. पाठीवर बसण्यापूर्वी पायी शिकवण्याचा आजचा क्रम येथे जवळजवळ जसाच्या तसा आढळतो. मात्र तो चर सरावासाठी मुद्दाम खणलेला असल्याचे झेनोफन सांगत नाही.

कौटिलीय अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात वल्गन, लंघन, धोरण इ. गतिप्रकार असून लंघनाचे कपिप्लुत (माकडासारखी उडी), भेकप्लुत (बेडकासारखी उडी) असे पोटभेद दिले आहेत. ग्रंथाचा काळ परंपरेने इ. स. पू. चौथे शतक मानतात. उपलब्ध संहिता इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील असावी, या मताकडे अलीकडे कल आहे. हे वर्गीकरण घोड्याच्या चालीचे आहे. त्यावरून रचलेल्या अडथळ्यांचे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

जमिनीवर ठराविक अंतराने मांडलेल्या दांड्यांना ‘कॅव्हालेत्ती’ म्हणतात. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ ‘लहान घोडा’. सुताराच्या लाकूड कापायच्या घोडीलाही तोच शब्द आहे. या साधनाचे जनकत्व इटालियन घोडदळातील अधिकारी फेदेरिको कॅप्रिली (१८६८–१९०७) याला देण्याची प्रथा आहे. कॅप्रिलीने स्वाराचा भार पुढे घेणारी बैठक रूढ केली, हे निर्विवाद. परंतु त्याचे प्रसिद्ध लेखन मोजके आहे आणि त्याचा भर कृत्रिम मैदानापेक्षा मोकळ्या रानातील स्वारीवर व घोड्याच्या नैसर्गिक तोलावर आहे. मोजून अंतर ठेवलेल्या दांड्यांची पद्धतशीर मांडणी त्याच्या परंपरेतील इटालियन प्रशिक्षकांनी व पुढे जर्मन प्रशिक्षकांनी बसवली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

घोड्याची दृष्टी : आवाराची आखणी करताना माणसाच्या नजरेवर विसंबून चालत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला सु. ३५०° परिसर दिसतो. मात्र कपाळाच्या अगदी पुढचा व नाकाखालचा भाग आणि थेट पाठीमागची पट्टी दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसणारा, म्हणजे खोलीचा अंदाज चांगला देणारा पट्टा बराच अरुंद असतो. म्हणूनच पुलाच्या तोंडाशी घोडा मान खाली घालून फुरफुरतो. अशा वेळी भीतीपोटी स्वाराने लगाम आखडला, तर घोड्याला ज्याची परीक्षा द्यायची तेच दिसेनासे होते. उजेडातून अंधारात जाताना घोड्याची नजर सावकाश सरावते. झाडाच्या गडद सावलीत पूल ठेवल्यास तो अधिक अवघड होतो, याचे कारण हे. घोड्याला निळा व पिवळा हे रंग वेगळे ओळखता येतात, तांबडा व हिरवा यांत मात्र गल्लत होते. हिरवळीवरचा नारिंगी दांडा माणसाला उठून दिसतो, घोड्याला तसा दिसत नाही. ब्रिटनमधील अडथळा-शर्यतींत २०२२ पासून नारिंगीच्या जागी पांढरा रंग आणण्यात आला, तो याच विचाराने.

घोड्याला एका डोळ्याने शिकलेले दुसऱ्या डोळ्याला कळत नाही, ही समजूत स्वारांत फार पसरलेली आहे. अश्वसंशोधक एव्हलिन हँगी यांच्या १९९९ मधील प्रयोगांनी ती खोडून काढली : एका डोळ्याने शिकलेला फरक घोड्यांनी दुसऱ्या डोळ्यानेही ओळखला. तरीही समजुतीमागचे निरीक्षण खोटे नाही. जाताना गपगुमान ओलांडलेल्या ओंडक्याला परतताना बुजणारा घोडा कोणीही पाहिलेला असतो. कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात लहान मुलांच्या प्लॅस्टिकच्या खेळसंचाला सरावलेले घोडे, तोच संच फिरवून ठेवताच पुन्हा नव्याने दचकले. म्हणजे प्रश्न डोळ्यांचा नसून वस्तूच्या बदललेल्या रूपाचा असावा. आवारातील प्रत्येक अडथळा दोन्ही दिशांनी आणि दोन्ही बाजूंनी शिकवावा लागतो, तो यामुळे.

रचना : जागा सपाट, निचऱ्याची व दगडगोटे वेचलेली हवी. २० × ४० मी. एवढे मैदान पुरते. याहून लहान जागेत अडथळे कमी ठेवावेत, दाटीवाटी करू नये. एका अडथळ्यातून बाहेर पडलेल्या घोड्याला सरळ होऊन पुढचा अडथळा दिसेल इतके अंतर, साधारण तीन-चार घोडे लांबीचे, मध्ये असावे.

दांडे. हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चुकीचे मांडले जाणारे साधन. गोल दांड्यावर पाय पडला की तो खुराखाली गरगरतो व घोड्याचा घोटा मुरगळतो. म्हणून दांड्याच्या दोन बाजू रंधून सपाट कराव्यात किंवा टोकांना खाचेचे ठोकळे द्यावेत. अंतराबाबत ग्रंथांत मोठी तफावत आहे. सर्वसाधारण प्रशिक्षणाची पुस्तके कदम चालीसाठी ८०–९० सेंमी., दुडकीसाठी १.२–१.४ मी. आणि कँटरसाठी (मंद दौडीसाठी) सु. ३ मी. सांगतात. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या (स्थापना १९४०) ट्रेल (अडथळे पार करण्याच्या) स्पर्धेचे नियम अनुक्रमे ५१–६१ सेंमी., ९१–१०७ सेंमी. व १.८–२.१ मी. देतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिले आकडे लांब ढांगेच्या उंच घोड्यांचे, दुसरे हळू व आखूड चालीत मुरवलेल्या ठेंगण्या, भरीव घोड्यांचे. कोणताही तक्ता उतरवून घेण्यापेक्षा स्वतःचा घोडा मोजणे सोपे. दाताळ्याने रेती सारखी करावी, त्यावरून घोडा नेहमीच्या चालीने दोन-तीनदा न्यावा आणि एका पुढच्या खुराच्या ठशापासून दुसऱ्या पुढच्या खुराच्या ठशापर्यंत फीत लावावी. कदम चालीचे अंतर तेच. मागच्या पायाचे ठसे पुढच्यांवर किंवा किंचित पुढे पडलेले दिसतील. ते मोजणीत घेऊ नयेत.

पूल. वर नमूद केलेल्या नियमांत पुलाची किमान रुंदी ३६ इंच (९१ सेंमी.) व किमान लांबी ६ फूट (१.८ मी.) आहे. घरच्या आवारात प्रारंभी रुंदी १२० सेंमी. ठेवणे शहाणपणाचे, कारण खरा धोका घोडा पुलावर चढण्यात नसून मागचा पाय कडेवरून घसरण्यात असतो. ५०० किग्रॅ.चा घोडा, खोगीर व स्वार मिळून भार ६०० किग्रॅ.च्या आसपास जातो आणि चालताना तो काही क्षण दोनच खुरांवर येतो. खुराचा घेर तळहातापेक्षा फारसा मोठा नसतो. त्यामुळे फळ्या ५ सेंमी. जाड, चालण्याच्या दिशेला आडव्या, खालच्या तुळयांना स्क्रूने बसवलेल्या असाव्यात. खिळे टापांच्या हादऱ्याने हळूहळू वर येतात. प्लायवूड पाऊस पडताच निसरडे होते. रेल्वेचे जुने स्लीपर भक्कम असले, तरी त्यांत मुरलेले क्रिओसोट (लाकूड टिकवणारे डांबरी तेल) घोड्याने लाकूड कुरतडल्यास विषारी ठरते. पूल प्रथम जमिनीवर टेकवूनच ठेवतात. तेव्हाही फळीवर पहिला खूर पडल्यावर निघणारा ‘ठक्’ आवाज पुष्कळ घोड्यांना उंचीपेक्षा जास्त दचकवतो. खाली रेती भरल्यास आवाज मऊ होतो. ती पुढे टप्प्याटप्प्याने काढून घेता येते. याच फळीखाली मधोमध ओंडका दिला की डुलता पूल तयार होतो. स्थिर पूल घोड्याला कंटाळवाणा वाटू लागल्याशिवाय डुलता करू नये.

पाणी. सु. १५ सेंमी. खोलीचा, उतरत्या काठांचा चर पुरेसा होतो. तळाला नुसते प्लॅस्टिक अंथरले तर खूर घसरतो. त्यावर रेती किंवा बारीक गोट्यांचा थर हवा. चराची रुंदी उडी मारून सहज टाळता येणार नाही इतकी, म्हणजे निदान ३ मी. ठेवावी, अन्यथा घोडा पाण्यातून जाण्याऐवजी उडी शिकतो.

मागे सरकण्याची गल्ली काटकोनात मांडलेल्या दांड्यांची असते, दांडे जमिनीवर असल्यास स्पर्धेत किमान २८ इंच (सु. ७० सेंमी.) रुंदी ठेवतात. सरावाला याच्या दीडपट बरी. फाटकाऐवजी दोन खांबांमध्ये दोरी चालते, तार कधीही नाही. मोटारींचे जुने टायर माती भरूनच वापरावेत. पोकळ टायरात खूर अडकतो. लोंबत्या पट्ट्यांना गाठी किंवा फासे नसावेत आणि लोखंडी खुंट्यांची टोके झाकलेली असावीत.

प्रशिक्षण : नव्या वस्तूची भीती घालवण्याचे दोन मार्ग सांगितले जातात. घोडा थकून शांत होईपर्यंत वस्तू समोर ठेवणे हा एक. घोडा सोसेल तेवढीच जवळ आणून, तो सैलावताच दूर नेणे हा दुसरा. डॅनिश वॉर्मब्लड जातीच्या २७ दोन वर्षांच्या नर घोड्यांवर यान्ने विंथर क्रिस्टेनसेन व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात (२००६) हलत्या पांढऱ्या नायलॉन पिशवीची सवय टप्प्याटप्प्याने लावलेले घोडे सर्वांत कमी बिथरले. पहिल्या मार्गाचे समर्थक अजूनही आहेत. तथापि निपचित उभा घोडा आणि निर्धास्त घोडा यांत गल्लत करण्याचा धोका त्यात आहे : पहिल्याचे ओठ घट्ट मिटलेले व मान ताठ असते, दुसरा मान खाली सोडून ओठ चाटतो किंवा मागचा एक पाय सैल टेकवतो.

क्रम बहुधा असा : आधी दोरीने हाती धरून, मग खोगिरासह पण स्वाराविना, शेवटी स्वार होऊन. ताडपत्री प्रथम घडी घालून फूटभर रुंदीची ठेवतात आणि दर दिवशी एकेक घडी उलगडतात. कडा वाऱ्याने फडफडू नयेत म्हणून त्यांवर रेतीच्या पिशव्या ठेवतात. अडथळ्यांची जागा आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलणे आवश्यक, कारण घोडा अडथळा शिकण्याआधी मार्ग पाठ करतो. तिसऱ्या वळणानंतर पूल येतो हे ठाऊक झालेला घोडा सांगण्यापूर्वीच तिकडे वळतो. पाहणाऱ्याला ते आज्ञाधारकपणाचे वाटते, प्रत्यक्षात स्वाराचे ऐकणे तेथे थांबलेले असते.

स्वाराच्या शिक्षणाकडे या विषयावरील लेखनात तुलनेने कमी लक्ष दिले जाते. मांड पक्की ठेवून हात सैल सोडणे, नजर अडथळ्याच्या पलीकडे ठेवणे, फाटक उघडताना एका हातात लगाम सांभाळणे आणि घोडा अडल्यास टाच मारण्यापूर्वी क्षणभर थांबणे ही त्याची अंगे होत. शिरस्त्राण पायी सरावातही आवश्यक. स्वाराची धास्ती घोड्यापर्यंत पोहोचते, याचा पुरावा स्वीडनमधील लिंडा कीलिंग व सहकाऱ्यांच्या प्रयोगात (२००९) मिळतो. एकाच पट्ट्यावरून चौथ्यांदा जाताना छत्री उघडली जाईल असे माणसांना सांगण्यात आले होते. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांबरोबर घोड्यांच्याही हृदयाचे ठोके वाढले.

स्पर्धा : क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या ट्रेल प्रकारात किमान सहा अडथळे असतात, त्यांत फाटक, निदान चार दांडे आणि मागे सरकणे अनिवार्य आहे. ‘वर्किंग इक्विटेशन’ हा प्रकार दक्षिण यूरोपातील गुराख्यांच्या स्वारीवर आधारलेला असून त्याची जागतिक संघटना २००४ मध्ये स्थापन झाली. त्यात पिंपातून लांब काठी उचलून दौडत जाणे हा अडथळा वैशिष्ट्यपूर्ण आहे. फ्रान्समधील ‘ट्रेक’ स्पर्धेचा उगम काही जण १९७० च्या, तर काही १९८० च्या दशकात मानतात; भटकंतीच्या वाटाड्यांची परीक्षा म्हणून ती सुरू झाली, याबद्दल मात्र दुमत नाही. नकाशावरून वाट शोधण्यास २४०, चालीवरील ताब्यास ६० आणि अडथळ्यांना १६० असे तिचे गुण आहेत. १६ अडथळ्यांपैकी काही स्वाराने खाली उतरून, घोडा हाती धरून पार करायचे असतात.