ब्रायर (पुरुषांची कॅनडा राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धा)

ब्रायर ही कॅनडातील पुरुषांची राष्ट्रीय कर्लिंग अजिंक्यपद स्पर्धा. ती १९२७ पासून, दुसऱ्या महायुद्धातील १९४३ ते १९४५ ही तीन वर्षे वगळता, दरवर्षी हिवाळा सरता सरता भरते. तिचा विजेता संघ जागतिक स्पर्धेत कॅनडाचे प्रतिनिधित्व करतो. आज यात उतरणारे बहुतेक अव्वल खेळाडू व्यावसायिक आहेत आणि वर्षभर बक्षिसाच्या रकमेसाठी खेळतात. ही स्पर्धा मात्र कित्येक दशके बक्षिसाविनाच चालली, आणि तिच्या इतिहासातला सर्वांत मोठा तंटाही त्यावरूनच झाला.

कर्लिंगमध्ये चौघांचा संघ असतो. सुमारे १९ किलोचा, मूठ बसवलेला ग्रॅनाइटचा दगड बर्फाच्या लांबलचक पट्टीवरून सरकवायचा आणि पलीकडच्या वर्तुळात, म्हणजे ‘हाउस’मध्ये, थांबवायचा. हाउसचा व्यास ३.६६ मीटर असतो. दगड सरकत असताना दोन खेळाडू त्याच्यापुढे बर्फ झाडत धावतात. त्यामुळे दगड जास्त दूर जातो आणि त्याचे वळणेही कमी-अधिक करता येते. प्रत्येक संघाचे आठ दगड टाकून झाले की एक ‘एंड’ संपतो आणि केंद्राजवळच्या दगडांवर गुण मोजले जातात. एंडचा शेवटचा दगड ज्याच्या हाती, त्याचे पारडे जड. डावपेच ठरवणारा कर्णधार म्हणजे ‘स्किप’; संघ त्याच्याच नावाने ओळखला जातो. ब्रायरमध्ये पूर्वी बारा एंडचे सामने होत; १९७७ पासून ते दहा एंडचे झाले.

स्पर्धेचा जन्म तंबाखूच्या धंद्यातला. मॅकडोनल्ड ही तंबाखू कंपनी आधी विनिपेगच्या मोठ्या बॉनस्पीलमधील, म्हणजे कर्लिंगच्या खुल्या स्पर्धेतील, विजेत्यांना पूर्वेकडच्या दौऱ्यावर पाठवत असे. त्यातून, कंपनीशी संबंधित जॉर्ज कॅमेरॉन यांच्या पुढाकाराने, राष्ट्रीय स्पर्धेची कल्पना निघाली. ‘ब्रायर’ हा कंपनीच्या तंबाखूचा एक छाप होता. पहिली स्पर्धा टोरांटोच्या ग्रॅनाइट क्लबमध्ये झाली आणि ती नोव्हा स्कोशियाच्या मरी मॅकनील यांच्या संघाने जिंकली. १९४० मध्ये विनिपेगला जाईपर्यंत ती टोरांटोबाहेर पडली नाही. तंबाखूच्या वडीवर बसवलेल्या पत्र्याच्या हृदयाकृती खुणेवरून खेळाडूंच्या स्वेटरवरचे जांभळे ‘पर्पल हार्ट’ आले. ब्रायरला पात्र ठरणाऱ्यालाच ते मिळते आणि कॅनडाच्या छोट्या गावांतल्या क्लबांमध्ये त्याचा मान आजही मोठा आहे. मॅकडोनल्डचे प्रायोजकत्व १९७९ ला संपले. नंतर लबॅट, नोकिया, टिम हॉर्टन्स आणि २०२४ पासून मोंटानाज असे प्रायोजक बदलत गेले, हृदय राहिले.

संघ प्रांतवार येतात. आपल्या रणजी करंडकात एकाच राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात, तसे ऑंटॅरिओ प्रांतातून नॉर्दर्न ऑंटॅरिओचा वेगळा संघ येतो. गतविजेत्यांना ‘टीम कॅनडा’ म्हणून थेट प्रवेश २०१५ पासून मिळू लागला.

खेळाचे स्वरूप ठरवणारा सामना १९८५ चा, मंक्टन शहरातला. साखळीत एकही सामना न हरलेला अल्बर्टाचा पॅट रायन अंतिम फेरीत दहाव्या एंडला दोन गुणांनी पुढे होता. नॉर्दर्न ऑंटॅरिओच्या अल हॅकनरने शेवटच्या दगडाने अल्बर्टाचे दोन दगड एकाच फटक्यात उडवले, तेही इतक्या निसटत्या कोनातून की तो फटका पुढे ‘हॅकनर डबल’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. बरोबरी झाली आणि जादा एंडमध्ये रायन हरला. तरीही रायनची रीत, म्हणजे आघाडी घ्यायची आणि मग समोरचा प्रत्येक दगड उडवत सुटायचे, यशस्वीच होती. त्याने १९८८ आणि १९८९ ची ब्रायर जिंकली. प्रेक्षक मात्र कंटाळले. उपाय रस हॉवर्ड या कॅनेडियन स्किपच्या सरावातून आला: एंडच्या सुरुवातीचे, हाउसपुढे थांबलेले दगड काही काळ उडवायचे नाहीत. १९९० मध्ये मंक्टनच्याच एका स्पर्धेत हा नियम वापरला गेला, आणि १९९४ मध्ये ब्रायरने तो स्वीकारला. त्यानंतर हाउसमध्ये दगडांची गर्दी होऊ लागली आणि आघाडीवरचा संघही निर्धास्त राहिला नाही.

२००१ मध्ये बक्षिसाच्या रकमेची ‘ग्रँड स्लॅम’ मालिका सुरू झाली. केव्हिन मार्टिन, जेफ स्टॉटन यांच्यासह अठरा संघांनी ब्रायरवर बहिष्कार टाकला. स्पर्धेच्या तिकिटांतून आणि प्रक्षेपणातून पैसा येतो, पण आम्हाला बक्षीस नाही आणि अंगावर स्वतःचा प्रायोजक लावायचीही परवानगी नाही, ही त्यांची तक्रार होती, आणि ती रास्तच होती. अल्बर्टाच्या रँडी फर्बीचा संघ बहिष्कारात गेला नाही. २००२ आणि २००३ ची ब्रायर त्यानेच जिंकली. मातब्बर नव्हते म्हणून जिंकला, अशी कुजबुज झाली. पण दोन्ही वर्षी जागतिक विजेतेपदही त्याच संघाने आणले, तेव्हा त्या कुजबुजीत फार दम नव्हता. पुढे तडजोड झाली, पैसा आला आणि मार्टिन परतून २००८ व २००९ ला विजेता ठरला. एडमंटनच्या २००५ च्या स्पर्धेला सुमारे २ लाख ८२ हजार प्रेक्षक आले होते.

स्किप म्हणून सर्वाधिक, म्हणजे सहा विजेतेपदे ब्रॅड गुशूची. त्यातले पहिले २०१७ चे, त्याच्याच सेंट जॉन्स शहरात. ७-६ अशा त्या सामन्यात त्याचा शेवटचा दगड हळू सुटला होता आणि झाडणाऱ्या दोघांनी तो जवळजवळ ओढतच हाउसमध्ये नेला. त्याच्या न्यूफाउंडलंड प्रांताला हा मान १९७६ नंतर प्रथमच मिळत होता.

व्यावसायिकतेचा ताण आता रहिवासाच्या नियमात दिसतो. संघ प्रांताचा, पण बाहेरचा खेळाडूही चालतो; त्यामुळे नामवंत स्किप प्रांत बदलून खेळतात. ब्रॅड जेकब्जने २०१३ ची ब्रायर नॉर्दर्न ऑंटॅरिओसाठी जिंकली होती. २०२५ मध्ये केलोना येथे मॅनिटोबाच्या मॅट डन्स्टनला ५-३ ने हरवून तो पुन्हा विजेता झाला, तेव्हा त्याच्या पाठीवर अल्बर्टाचे नाव होते.