हद्दपारीची नोटीस आली तर: खुलासा, अपील आणि खंडपीठातील याचिका

निवडणूक जाहीर झाली किंवा गणपती जवळ आले, की प्रांत कार्यालयांत हद्दपारीच्या प्रस्तावांचे गठ्ठे वाढू लागतात. मग एक दिवस पोलीस अंमलदार दारात येतो, एका प्रतीवर सही घेतो आणि दुसरी हातात ठेवून जातो. लोक याला तडीपारी म्हणतात. ज्या जिल्ह्यात माणसाचे घर, शेत, रेशनकार्ड आणि लेकरांची शाळा आहे, त्याच जिल्ह्यातून त्याला जास्तीत जास्त दोन वर्षे बाहेर ठेवण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ ने दिला आहे. त्यासाठी गुन्हा सिद्ध झालेलाच असावा लागतो असे नाही, हे बहुतेकांना नोटीस हातात पडल्यावरच कळते.

आदेशावर अपील करता येते आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिकाही दाखल करता येते. पण तिथे सगळे पहिल्यापासून नव्याने चालेल, या भ्रमात राहू नये. तिथे तपासली जाते ती खालच्या कार्यालयातली फाइल. नोटिशीच्या उत्तरात जे लिहिले नाही, ते पुढे वकिलाला कितीही तळमळीने सांगितले तरी फार उपयोगी पडत नाही. म्हणून खाली सर्वांत जास्त जागा नोटिशीलाच दिली आहे.

कोणावर कारवाई होऊ शकते

कलम ५५ टोळीसाठी आहे. कलम ५६ खाली दोन गोष्टी पाहतात: एखाद्याच्या वावरामुळे लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका अथवा दहशत आहे का; किंवा तो बळजबरीचे, हिंसेचे वा भारतीय दंड संहितेच्या १२, १६ आणि १७ या प्रकरणांतले (नाणी व मुद्रांक, मानवी शरीर, मालमत्ता) गुन्हे करत आहे वा करण्याच्या बेतात आहे असे मानायला सबळ कारण आहे का. या दुसऱ्या प्रकारात आणखी एक अट आहे. साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नाहीत, असे अधिकाऱ्याचे मत झालेले असावे लागते. कलम ५७ शिक्षा झालेल्यांसाठी आहे. त्यात दारूबंदी आणि जुगाराच्या कायद्यांखाली वारंवार शिक्षा झालेलेही येतात, आणि माणूस पुन्हा तसाच गुन्हा करण्याची शक्यता आहे हे दाखवावे लागते.

ग्रामीण भागात ५६ आणि ५७ चे आदेश जिल्हादंडाधिकारी किंवा अधिकार दिलेले उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांत, काढतात. छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने तिथे पोलीस उपायुक्तांची सही दिसते.

दोन गोष्टींची यात गल्लत होते. सणासुदीला काही दिवसांपुरती गावात येण्यास बंदी घालतात, तो आदेश बहुधा जुन्या १४४ चा, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा असतो. आणि ‘एमपीडीए’ म्हणजे १९८१ च्या कायद्याखालची स्थानबद्धता. तिथे माणूस तुरुंगात जातो आणि प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवले जाते. हातात कागद आला की आधी त्यावरचे कलम पाहा.

नोटीस हातात आल्यावर

कलम ५९ प्रमाणे आदेशाआधी तुमच्यावरील आरोपांचे साधारण स्वरूप लेखी कळवावे लागते आणि उत्तर देण्याची वाजवी संधी द्यावी लागते. वकील लावता येतो. आपले साक्षीदार तपासा, असा अर्ज करता येतो. निव्वळ त्रास द्यायला किंवा वेळ काढायला अर्ज केला आहे, अशी कारणे लेखी नोंदवल्याशिवाय तो नाकारता येत नाही. चौकशीला हजर राहाल म्हणून जातमुचलका किंवा जामीनदार मागितला जाऊ शकतो. आणि तारखेला गेलाच नाहीत, तर चौकशी तुमच्याविना पुढे सरकते.

नोटिशीचा साचा ठरलेला असतो. वर एक तक्ता: अनुक्रमांक, पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमे, सद्यःस्थिती. त्याखाली प्रतिबंधक कारवायांची यादी. मग दोन गोपनीय जबाबांचा सारांश, आणि शेवटी तेच ते वाक्य: सदर इसमाच्या दहशतीमुळे साक्षीदार उघडपणे पुढे येण्यास धजावत नाहीत. पेन घेऊन बसायचे ते तक्त्यापाशी.

समजा सेलू तालुक्यातल्या एका काल्पनिक नोटिशीत पाच गुन्हे आहेत: २०१४ ची मारहाण, २०१७ चा जुगार, २०१९ चे बांधावरून भावकीत झालेले भांडण, २०२२ ची हातभट्टी आणि गेल्या वर्षीची शिवीगाळ व धमकी. मारहाणीत माणूस निर्दोष सुटलेला आहे, पण तक्त्यात अजून ‘न्यायप्रविष्ट’ लिहिले आहे. हे सर्रास घडते, कारण जुना तक्ता जसाच्या तसा नव्या प्रस्तावात उतरतो. जुगार आणि हातभट्टी वर सांगितलेल्या तीन प्रकरणांत बसत नाहीत. बांधाचे भांडण दोन घरांतले. गावाला त्याची दहशत वाटते हे त्यातून कसे निघते, असे विचारता येते. शिवाय या सगळ्या गुन्ह्यांत फिर्यादी आणि साक्षीदारांनी आपापल्या नावानिशी जबाब दिलेले आहेत. मग साक्षीदार पुढे येत नाहीत, हे मत कशावरून झाले? उरली ती धमकीची एकच ताजी केस. आता दोन वर्षांसाठी तीन जिल्ह्यांतून हद्दपार करण्याचा प्रस्ताव कशावर उभा आहे, ते खुलाशात एका ओळीत विचारता येते.

गोपनीय जबाब देणाऱ्याचे नाव मिळत नाही आणि त्यासाठी हट्ट धरून उपयोगही नाही. पण त्यातला काळ आणि जागा नीट पाहावी. आष्टी, पाटोदा, धारूरकडची माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात जातात. जबाबातली घटना डिसेंबरची असेल आणि माणूस तेव्हा कारखान्याच्या तळावर असेल, तर मुकादमाकडचा उचलीचा करार, कारखान्याच्या पावत्या आणि टोळीतल्या दोघांची शपथपत्रे जोडावीत. त्या काळात कोणी तुरुंगात होता असेही निघते. मग कारागृहाचा दाखला पुरेसा बोलतो.

याच टोळ्यांना दुसरा फटका नोटीस बजावणीत बसतो. घराला कुलूप, कागद दाराला चिकटवलेला, आणि चार महिन्यांनी माणूस परत येतो तेव्हा आदेश झालेला असतो. गावाकडे कोणी असेल तर त्याने नोटिशीचा फोटो लगेच पाठवावा आणि वकिलामार्फत मुदतवाढीचा अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये. पोच नसलेला अर्ज पुढे दिल्यासारखा धरला जात नाही.

आरोप मोघम आहेत, एवढ्या एकाच मुद्द्यावर विसंबू नका. आरोपांचे साधारण स्वरूप सांगणे पुरे, प्रत्येक घटनेचा बारीक तपशील द्यायची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या एका प्रकरणात सांगितले आहे आणि सरकारी वकील ते हमखास वाचून दाखवतात.

खुलाशाला जोडायचे कागद

आधार आणि रेशनकार्डाच्या प्रती असतातच. वजन पडते ते न्यायालयाच्या कागदांना: तक्त्यातील प्रत्येक गुन्ह्याचा एफआयआर, दोषारोपपत्र, जामिनाचा आदेश, आणि निकाल लागला असेल तर त्याची सही-शिक्क्याची नक्कल. नक्कल त्या त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून मिळते. मिळायला वेळ लागणार असेल तर ई-कोर्ट्सवरील प्रकरणाच्या स्थितीची प्रिंट आणि नकलेच्या अर्जाची पोच तूर्त जोडावी. सातबारा, मजुरीचा किंवा नोकरीचा दाखला, घरात आजारी माणूस असेल तर दवाखान्याचे कागद हेही द्यावेत. हद्दपारीने पोट कसे तुटेल हे त्यातून दिसते. सरपंचाचे चारित्र्याचे प्रमाणपत्र मात्र लोक उगाच मोठ्या आशेने आणतात. माझ्या मते त्यापेक्षा निर्दोष मुक्ततेचा एक निकाल शंभर पटींनी उपयोगाचा.

खुलाशाच्या शेवटी दोन मागण्या वेगळ्या लिहाव्यात: नोटीस रद्द करावी; आणि तसे न केल्यास कालावधी व क्षेत्र कमीत कमी ठेवावे. अधिकाऱ्याला स्वतःच्या हद्दीबाहेरचे, अगदी लागून नसलेले जिल्हेही आदेशात घालता येतात. पण सगळे गुन्हे एकाच पोलीस ठाण्यातले असताना शेजारचे दोन जिल्हे का, याचे कारण आदेशात असायला हवे, आणि तो मुद्दा खुलाशातच आलेला असला तर बरे.

अपील: ३० दिवस

आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत कलम ६० खाली शासनाकडे अपील करायचे. नक्कल मिळायला लागलेला वेळ यातून वजा होतो, म्हणून नकलेचा अर्ज आदेश कळताच टाकावा. मराठवाड्यातल्या प्रांतांच्या आदेशांवरील अपिले व्यवहारात छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांपुढे चालतात. आदेशाच्या शेवटी अपील कोणाकडे करायचे ते लिहिलेले असेल तर तेच पाहावे. अपिलाचा मेमो दोन प्रतींत द्यायचा, मुद्दे थोडक्यात मांडायचे आणि सोबत आदेश किंवा त्याची प्रमाणित प्रत लावायची.

अपील दाखल केले म्हणजे आदेश थांबला, असे होत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत जिल्ह्याबाहेरच राहावे लागते. या एका गैरसमजापायी कित्येक जण घरी सापडतात आणि नवा गुन्हा पदरात पाडून घेतात.

खंडपीठात काय पाहिले जाते

कलम ६१ ने कोर्टाचे दार बरेच अरुंद केले आहे. कलम ५९ ची कार्यपद्धती पाळली नाही, आदेशाला आधार देणारी सामग्रीच नव्हती, किंवा साक्षीदार पुढे येत नाहीत असे अधिकाऱ्याचे मत झालेलेच नव्हते, एवढ्याच कारणांवर आदेशाला आव्हान देता येते. पण यातल्या ‘सामग्री’ या शब्दात पुष्कळ काही बसते, आणि रिट याचिकेत संविधानातील हक्कांचा प्रश्नही उभा राहतो.

यावरचा आज सर्वांत जास्त वापरला जाणारा निकाल मराठवाड्यातलाच आहे. जालन्याच्या एका रहिवाशाला जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी हद्दपार केले होते. प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून दिल्लीला गेले आणि २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. २०१३ आणि २०१८ चे गुन्हे शिळे झालेले. जुना गुन्हा आणि आजचा आदेश यांच्यात जिवंत दुवा हवा, असे न्यायालयाने म्हटले. अधिकाऱ्याचे समाधान कशावरून झाले ते नोंदीतून दिसायला हवे. कमाल मुदत, म्हणजे पूर्ण दोन वर्षे, लावायची तर तितकी गरज का, हेही नोंदवायला हवे. नाही तर देशात कुठेही मुक्तपणे फिरण्याच्या हक्कावर ते अवाजवी बंधन ठरते. हद्दपारीने माणूस स्वतःच्या घरात कुटुंबासोबत राहू शकत नाही आणि त्याची रोजीरोटीही जाऊ शकते, तेव्हा हा अधिकार जपून वापरावा, असेही त्यात आहे. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये अमरावतीच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने हद्दपारी हा अपवादात्मक उपाय असल्याचे सांगून आदेश रद्द केला होता. इतके होऊनही दोन वर्षांचा आकडा सवयीने घालणे काही थांबलेले नाही, आणि याचिकाकर्त्याच्या दृष्टीने तीच आदेशातली सर्वांत कच्ची बाजू असते.

नोटिशीत नसलेला गुन्हा आदेशात घुसवला आहे का, हेही ताडून पाहावे. तसे असेल तर त्या गुन्ह्याबद्दल बोलायची संधीच मिळालेली नसते, आणि हा थेट कलम ५९ चा मुद्दा होतो.

याचिकेला मूळ आदेश, अपिलातील आदेश, नोटीस, खुलासा व त्याची पोच, एफआयआर आणि निकालांच्या प्रती, वकीलपत्र आणि शपथपत्र लागते. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करावे लागते. सोबत अंतरिम स्थगितीची मागणी असावी. अपील न करता थेट खंडपीठात गेलात तर ‘आधी अपील का केले नाही’ हा प्रश्न येतोच; त्याचे ठोस उत्तर नसेल तर अपिलाचाच रस्ता धरावा. ज्याला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातूनच हद्दपार केले आहे, त्याला खंडपीठ असलेल्या शहरात वकिलाला भेटायलाही येता येत नाही. कागदपत्रे घरच्यांनी पोहोचवावीत, आणि शपथपत्र नेवासा किंवा जालन्याकडे नोटरीपुढे करता येईल का, ते वकिलाला विचारावे. जालना जिल्हाही आदेशात नाही ना, हे मात्र आधी पाहावे.

आदेश लागू असताना

राज्यात जिथे राहाल तिथल्या जवळच्या पोलीस ठाण्यात महिन्यातून एकदा पत्ता कळवण्याची अट आदेशात घालता येते, पत्ता बदलला नसला तरी. राज्याबाहेर गेल्यास आणि परत आल्यास दहा-दहा दिवसांत लेखी कळवावे लागते. विनापरवानगी हद्दीत आल्यास अटक करून बाहेर नेतातच, शिवाय कलम १४२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. विशेष कारण नोंदवल्याखेरीज सहा महिन्यांपेक्षा कमी शिक्षा देता येत नाही.

घरात लग्न, मयत किंवा आजारपण असेल तर काही दिवसांपुरती परवानगी मागता येते. अर्जात तारखा, मुक्कामाचा पत्ता आणि कारणाचा पुरावा द्यावा: लग्नपत्रिका, मृत्यूचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी. परवानगी लेखीच असावी लागते. ठाण्यातल्या कोणी ‘ये, मी पाहून घेतो’ म्हटले म्हणून येऊ नये. कोर्टाच्या तारखांसाठी आदेशातच मुभा दिली आहे का ते पाहावे, आणि तारखेला येताना ठाण्यात लेखी कळवून पोच खिशात ठेवावी.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि खंडपीठासाठी तिथल्या उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. हे साहाय्य प्रांतांसमोरच्या सुनावणीपासूनच मागता येते. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.