इंजिनाचा वेग आणि १ गिगाबाइटचा वाद

बुद्धिबळ इंजिनाचा वेग ‘सेकंदाला इतक्या स्थिती’ या एकाच आकड्यात सांगण्याची रीत जुनी आहे. १९९७ मध्ये विश्वविजेत्याला हरवणाऱ्या डीप ब्लूमध्ये केवळ या खेळासाठी घडवलेल्या ४८० चिप होत्या आणि ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. पुढे खास चिपांचा मार्ग मागे पडला, साध्या संगणकावरची इंजिने सरस ठरू लागली, आणि प्रोसेसर वेगवान होत गेले तसतसे त्यांना रॅमची वाट पाहणे अधिकाधिक महाग पडू लागले.

ही वाट पाहावी लागते ती हॅश टेबलामुळे. चालींचा क्रम बदलूनही पटावर तीच स्थिती आली, तर आधीच्या शोधाचे फळ पुन्हा वापरता यावे म्हणून १९६० च्या दशकापासून इंजिने अशी नोंदवही ठेवत आली आहेत. मात्र नोंदी टेबलभर विखुरलेल्या असल्याने कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीचा, फारसा उपयोग होत नाही. एका थ्रेडला (एकाच वेळी चालणाऱ्या शोधांपैकी एकाला) एका स्थितीवर सरासरी हजारभर नॅनोसेकंद खर्चता येत असतील, तर रॅमची एक फेरीच त्यांतले ८० ते १०० खाऊन टाकते. म्हणूनच पुढच्या स्थितीची नोंद लागण्याआधीच मागवून ठेवण्याची युक्ती इंजिनांत रुजली.

हॅशचा आकार हा विषय चव्हाट्यावर आला तो डिसेंबर २०१७ मध्ये. लंडनच्या एका संशोधन संस्थेने आपला न्यूरल नेटवर्कवर (उदाहरणांतून शिकणाऱ्या गणनपद्धतीवर) चालणारा प्रोग्राम अल्फाझिरो आणि साध्या संगणकावरचे इंजिन स्टॉकफिश यांच्यातील १०० डावांचा निकाल जाहीर केला: अल्फाझिरोचे २८ विजय, ७२ बरोबरी, पराभव एकही नाही. स्टॉकफिशला ६४ थ्रेड, चालीमागे एक मिनिट आणि हॅशसाठी अवघा १ गिगाबाइट दिला होता. त्या आवृत्तीत ३२ बाइटांच्या कप्प्यात तीन नोंदी मावत, म्हणजे १ गिगाबाइटमध्ये सुमारे १० कोटी. जाहीर केलेला वेग होता सेकंदाला ७ कोटी स्थिती, म्हणजे मिनिटाला ४२० कोटी. यांतल्या अनेक स्थिती पुनरावृत्त असतात आणि इंजिन खोल शोधाच्या नोंदी जपून उथळ नोंदी आधी पुसते, हे मान्य केले तरी एवढ्या थ्रेडना एवढे टेबल देणे हा निर्णय समर्थनीय वाटत नाही. हार्डवेअरची तुलनाही सरळ नव्हती, कारण समोरचा प्रतिस्पर्धी न्यूरल नेटवर्कसाठी बनवलेल्या चिपांवर सेकंदाला केवळ ८० हजार स्थिती पाहत होता.

निकाल हॅशमुळेच लागला, हा टीकाकारांचा सूर मात्र टिकला नाही. २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या १००० डावांच्या सामन्यात हॅश ३२ गिगाबाइट होते, वेळेची मर्यादाही स्पर्धांसारखी होती, आणि तरीही अल्फाझिरोने १५५ डाव जिंकून केवळ ६ गमावले.

त्यानंतर लक्ष टेबलाच्या आकाराकडून ते वाचण्याच्या खर्चाकडे वळले. रॅम ज्या तुकड्यांत वाटली जाते ती पाने नेहमीच्या ४ किलोबाइटऐवजी २ मेगाबाइटची वापरली, की प्रोसेसरला पत्ता शोधण्यासाठी घालावे लागणारे हेलपाटे कमी होतात. मोठ्या हॅशवर हा फरक वेगाच्या आकड्यात स्पष्ट दिसतो. २०२० मध्ये स्टॉकफिश १२ ने मूल्यमापनासाठी प्रोसेसरवरच चालणारे छोटे न्यूरल नेटवर्क स्वीकारले. सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या स्थिती बऱ्याच घटल्या, खेळ मात्र ठळकपणे सुधारला, आणि जुना आकडा वेगवेगळ्या इंजिनांच्या तुलनेसाठी जवळजवळ निरुपयोगी झाला.

आता नेटवर्कचे भारांकही (शिकताना ठरलेले आकडे) कॅशेत जागा मागतात. एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या सर्व्हरवर दुसऱ्या प्रोसेसरच्या रॅममधून ते वाचत बसणे परवडत नाही, म्हणून २०२४ पासून स्टॉकफिश अशा यंत्रांवर प्रत्येक भागाच्या रॅममध्ये नेटवर्कची स्वतंत्र प्रत ठेवते. हॅश टेबल मात्र सर्व थ्रेडमध्ये एकच असते, त्यामुळे तिथला दूरचा प्रवास अद्याप टळलेला नाही.