एक पंच, पन्नास खेळाडू : बेळगावच्या टेबलावर पोचलेल्या मोहिमेची पार्श्वभूमी

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजे प्रत्येकाने एका पात्राची भूमिका घेऊन, फासे टाकत, पंचाच्या निकालावर खेळायचा साहसखेळ. त्याच्या १९७४ सालच्या पहिल्या पुस्तिकेत किती जणांनी खेळावं हे दिलं आहे. एका मोहिमेला किमान एक पंच, खेळाडू चार ते पन्नास, आणि वीसेक खेळाडूंमागे एक पंच असं साधारण प्रमाण. आज बेळगावात टिळकवाडीत नाहीतर हिंदवाडीत कुणाच्या तरी माडीवर चार-पाच जण जमतात, पात्रं लिहितात, मोहीम सुरू होते. मग इंजिनिअरिंग संपतं, एक पुण्याला जातो, दुसरा बेंगळुरूला, आणि ज्या राजकन्येला सोडवायचं होतं ती तळघरातच राहते. ‘आपल्याकडे हा खेळ टिकत नाही’ असं मग सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. टिकत नाही ती या खेळाची नंतरची एक पद्धत. पहिली पद्धत आपल्यासारख्या गावाला जास्त मानवणारी होती, पण तिथे पोचायला थोडं मागे जावं लागतं.

मागे म्हणजे महाभारतातल्या द्यूतापर्यंत नव्हे. फासे आपल्याकडे होतेच, म्हणून हा खेळही मुळात आपलाच, असं ऐकवणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. द्यूतात फासा पडला की निकाल लागला. इथे फासा पडल्यावर ‘मग काय झालं’ हे सांगायला माणूस बसलेला असतो, आणि तो माणूस आला प्रशियाच्या सैन्यातून.

१८१२ साली फॉन राइस्वित्झ नावाच्या एका प्रशियन गृहस्थाने राजाला युद्धाचा एक खेळ दाखवला. राजवाड्यात शोभेल असं लाकडी कपाट, आत जमिनीचे तुकडे मांडता येतील अशा चौकटी. त्याच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये नवे नियम छापले आणि खेळ कपाटातून नकाशावर आणला. एक बाजू तांबडी, दुसरी निळी. खेळाडू आपले हुकूम कागदावर लिहून पंचाकडे देत. तुकड्या पंच हलवी, फासे टाकून किती माणसं पडली ते ठरवी आणि प्रत्येकाला त्याच्या सैन्याला दिसलं असतं तेवढंच दाखवी. टेकडीमागे शत्रूचं घोडदळ आहे हे फक्त पंचाला ठाऊक. आज पडद्यामागे नकाशा लपवून बसणारा डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, या खेळाचा पंच, हेच करतो.

नियम वाढत गेले, तक्ते वाढले, अधिकारी कंटाळले. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नवा या प्रशियन सेनाधिकाऱ्याने सरळ सांगितलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच स्वतःच्या अकलेने निकाल देईल. ‘नियमाप्रमाणे’ की ‘डीएम म्हणतो म्हणून’ हा जो वाद आपल्या टेबलावर दर रविवारी पेटतो, तो दीडशे वर्षांचा आहे. दोन्ही बाजूंनी तो सेनापतींनी लढवून झालाय, त्यामुळे चहा थंड करून आपण त्यात नवं काही घालू असं वाटत नाही.

ब्रिटिश सैन्याने त्याआधीच, १८७२ मध्ये, तक्त्यांचे प्रशियन नियम आपल्या भाषेत घेतले होते. अमेरिकेत चार्ल्स टॉटन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८८० मध्ये स्वतःचं एक जाडजूड पुस्तक काढलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे, जिथे कॅम्प म्हटलं की रिक्षावाल्याला पत्ता लागतो, तिथल्या वाचकाला या खेळाचं मूळ लष्करी असण्याचं फार नवल वाटू नये. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने घरातल्या शिसाच्या सैनिकांशी खेळायचे नियम छापले आणि नागरिकांनाही युद्धाचा खेळ मिळाला, पण त्यात पंच गौण होता, म्हणून इथे त्याच्यावर थांबत नाही.

टॉटनचं पुस्तक पुढे मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागलं. त्यातून त्याने नेमकी गोष्ट उचलली : खेळाडूने काहीही करायचा प्रयत्न करावा, जमतं की नाही ते पंचाने ठरवावं. १९६९ मध्ये त्याने नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव मांडलं. मित्र आले ते लढाई खेळायला. वेस्लीने त्यांच्यातल्या दोघांना सेना दिल्या आणि बाकीच्यांना गावातली माणसं केलं : कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाचा हेतू वेगळा. झालं असं की लढाई राहिलीच बाजूला. लोक कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी सौदे करायला लागले, नियमात नसलेल्या गोष्टी विचारायला लागले, आणि वेस्लीला वाटलं की आपला खेळ साफ फसला. मित्रांनी मात्र पुन्हा तसलाच खेळ मागितला.

आपल्याकडे दिवाळीत दारादारात किल्ले होतात. अनगोळ-शहापूरच्या पोरांनी मातीचा किल्ला केला, हळीव पेरला, मावळे मांडले, की त्यातला एक जण हमखास सांगायला लागतो : हा पहारेकरी झोपलाय, हा फितूर आहे, या चोरवाटेने आत जाता येतं. दुसरा म्हणतो, ‘मी दोर टाकून वर चढतो.’ पहिला म्हणतो, ‘दोर तुटला बघ.’ मग भांडण. वेस्लीने या भांडणाला पंच दिला, एवढाच काय तो फरक.

त्या मित्रांपैकी एक होता डेव्ह आर्नेसन. वेस्ली सैन्यात गेल्यावर सूत्रं त्याच्याकडे आली. १९७०-७१ च्या सुमारास त्याने ब्लॅकमूर नावाचा मुलूख उभा केला : एक गाव, एक किल्ला, किल्ल्याखाली भुयारं. खेळाडू आज भुयारात उतरत, कमावलेलं घेऊन वर येत, आणि पुढच्या वेळी तेच पात्र आधीपेक्षा अनुभवी होऊन पुन्हा उतरे. लढाई एका बैठकीत संपते. ब्लॅकमूर संपत नव्हतं. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सने जेफ पेरेनबरोबर १९७१ मध्ये मध्ययुगीन लढायांचे नियम छापले होते, मागे जादूगार आणि ड्रॅगनची पुरवणी जोडून. आर्नेसन तेही वापरत होता. १९७२ च्या अखेरीस त्याने गायगॅक्सला ब्लॅकमूर खेळून दाखवलं, आणि गायगॅक्सने घरी ग्रेहॉक नावाचा आपला किल्ला मांडला. जानेवारी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची तीन पुस्तिकांची पेटी निघाली : हजार प्रती, किंमत दहा डॉलर. वर्षाच्या आत सगळ्या खपल्या. मुखपृष्ठावर ‘भूमिका’ हा शब्द कुठेच नव्हता. हे नियम मध्ययुगीन अद्भुत युद्धखेळांच्या मोहिमांसाठी आहेत, कागद-पेन्सिल आणि बाहुल्यांनिशी खेळता येतील, एवढंच त्यावर होतं.

मोहीम म्हणजे काय, तर तो मुलूख. खेळाडूंची टोळी नव्हे. ज्याला वेळ असेल त्याने यावं, जे जमतील त्यांनी त्या दिवशी भुयारात उतरावं. कुणी शुक्रवारी येई, कुणी रविवारी, आणि शुक्रवारच्या मंडळींनी लुटलेलं दालन रविवारवाल्यांना रिकामं सापडे. गायगॅक्सने १९७९ च्या पंचासाठीच्या पुस्तकात काळाची काटेकोर नोंद ठेवल्याशिवाय मोहिमेला अर्थ नाही असं ठळक अक्षरात बजावलं, ते यामुळेच. एकाच मुलखात अनेक टोळ्या फिरत असतील तर कोण कधी कुठे होतं याची वही लागतेच. पुढे १९८४ मध्ये ‘ड्रॅगनलान्स’ मालिका आली, तिच्यात आधीच रचलेली लांबलचक कथा आणि ठरलेले नायक होते. ती पद्धत रुजली. एकच टोळी, एकच कथानक, एकही जण गैरहजर चालणार नाही. आजचे व्हिडिओ बघून खेळायला बसणाऱ्याला हाच खेळ वाटतो.

बेळगावात माणसं कायमची राहत नाहीत, येऊन-जाऊन असतात. सुट्टीला परततात, गणपतीला परततात. अशा गावाला वही ठेवणारा पंच आणि उघडं टेबल हवं. खानापूरच्या पुढे भीमगडचं जंगल आहे, बारापेडेच्या चुनखडीच्या गुहा आहेत, जिथे राउटनचं वटवाघूळ नावाचं दुर्मिळ वटवाघूळ राहतं. बाजूला हलशी, कदंबांची दुसरी राजधानी. म्हादई भीमगडच्याच जंगलात उगम पावते. मुलूख शोधायला लेक जिनिव्हाला जायची गरज नाही. खेळणाऱ्यांची भाषा मराठी, मधे कन्नड, फासे मोजताना इंग्रजी :

‘मी दार ढकलत नाही बा. आधी कान लावतो, आत कोण हाय ते बघतो.’

‘टाक की फासा मग. बघत काय बसलाईस?’

वीसबाजूचा फासा गावात चटकन मिळत नाही, मागवावा लागतो. तो येईपर्यंत मोबाइलवर किंवा वाटीत चिठ्ठ्या घालून काम भागतं, आणि यात कमीपणा काही नाही. १९७९ मध्ये फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खेळ छापणाऱ्या खुद्द टीएसआर कंपनीने पेटीत फाशांऐवजी आकड्यांच्या चकत्या घालून विकल्या होत्या.

राक्षसांबद्दल जरा जपून. या खेळाच्या १९७७ च्या राक्षस-प्राण्यांच्या पुस्तकात ‘राक्षस’ नावाचाच प्राणी आहे : वाघाचं तोंड, अंगात झगा, हातात चिलीम, आणि मरतो तो मंतरलेल्या बाणाने. आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाशी त्याचं नातं नावापुरतं. ज्या शहराचं प्यायचं पाणीही राकसकोपच्या जलाशयातून येतं तिथे तो जसाच्या तसा टेबलावर आणला की हशा पिकतो, भीती नाही. १९८० च्या देवतांच्या पुस्तकात तर इंद्र-अग्नीलाही जीवाचे आकडे लावलेत. तेही आपल्या घरात, आई शेजारच्या खोलीत असताना, न काढलेलं बरं.

भाषेचीही अडचण आता तेवढी उरलेली नाही. २०१४ मध्ये पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम फुकट मिळू लागले. जानेवारी २०२३ मध्ये इतरांना नियम वापरू देणाऱ्या परवान्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि त्याच महिन्यात आताच्या मालक कंपनीने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. श्रेय दिलं की तो मराठीत आणायला, छापायला, अगदी विकायलाही मोकळीक आहे. पात्र कागदाच्या एका पानावर मावतं, ते पान मराठीत असलं तर निपाणीच्या नवख्या पोराला पहिल्या अर्ध्या तासात नियमांची भीती वाटणार नाही.

मग बेंगळुरूला गेलेल्याचं काय? सत्तरच्या दशकात खेळाडू आपलं पात्र घेऊन एका पंचाच्या मुलखातून दुसऱ्याच्या मुलखात जात, आणि नवा पंच आधी त्याचा कागद तपासे : ही जादूची तलवार कुठून आली, एवढं सोनं कुणी दिलं, आमच्याकडे हे चालणार नाही, अर्धं बाहेर ठेवून ये. तिकडच्या टेबलावर बसणाऱ्याने बेळगावच्या पंचाकडून कागदावर सही घेऊन जावी, आणि दिवाळीला परत येताना तिकडच्याची.